क्लिओना करमरकरी

एखाद्या तरी प्राण्याला आपलं नाव असावं, ही माझी निवृत्तीनंतरची महत्त्वाकांक्षा. रस्त्याला नाव मिळायला आधी मरावं लागतं आणि सभागृहाला मिळायला पैसे मोजावे लागतात. प्राण्यांत वाघ-सिंह कधीच वाटून झालेले. स्पंजांमध्ये मात्र अजून जागा आहे, असं समुद्री जीवशास्त्रात संशोधन करणाऱ्या भाचीकडून कळलं. ९,०००हून जास्त जातींना नावं मिळाली आहेत, तरी पुष्कळ अजून बेवारस. शिवाय गोव्याच्या ग्रँड आयलंडजवळ प्रवाळ पोखरणारा एक नवा स्पंज सापडला, त्याचं २०१९ साली ‘क्लिओना थॉमसी’ असं बारसं झालं. मन्नारच्या आखातातल्या स्पंजांवर काम केलेल्या पी. ए. थॉमस यांच्या सन्मानार्थ. थॉमसी होतं, तर करमरकरी का नाही? ऐकायला जरा त्वचारोगासारखं वाटतं, पण तेवढी तडजोड करायला मी तयार होतो.

स्वतःच्या शोधाला स्वतःचंच नाव देणं या क्षेत्रात असभ्य समजतात. म्हणजे शोध मी लावायचा आणि नाव भाचीनं द्यायचं. त्या दिवसापासून तिच्या घरी माझ्याकडून खरवस जाऊ लागला.

पहिली मोहीम मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या प्रवाळांवर मी लाइफ जॅकेट घालून तरंगलो, पाण्यात तोंड खुपसून फोटो काढले आणि रात्री लॉजवर वर्गीकरणाला बसलो. केशरी तो एक, पिवळा तो दुसरा, बोटांसारखा वाढलेला तिसरा, खडकावर पसरलेला चौथा. वही भाचीपुढे ठेवली तेव्हा छाती फुगलेली होती.

“मामा, हे तिन्ही बहुतेक एकच आहेत. आणि हा तू एक म्हणून लिहिलायस ना, तिथे दोन आहेत. एकावर एक वाढलेत.”

स्पंजाचा कारभारच असा. लाटांचा मारा असेल तिथे तो खडकाला चिकटून चपटा पसरतो. तोच निवांत पाण्यात उभा वाढतो. उन्हात एक रंग, कपारीत दुसरा. काही पिवळे स्पंज पाण्याबाहेर काढताच जांभळे-काळे पडतात, आणि अल्कोहोलच्या बाटलीत गेले की बहुतेकांचा रंग उडून सगळे सारखेच मळकट. तोंड नाही, पोट नाही, पुढचं-मागचं नाही. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या खुद्द लिनियसनं त्यांना आधी वनस्पतींत बसवलं होतं आणि मग मुकाट्यानं प्राण्यांत हलवलं. माझी वही निदान प्राण्यांतच होती, एवढं समाधान मी करून घेतलं.

मग ओळखायचं कशावरून? सांगाड्यावरून. बहुतेक स्पंजांच्या अंगात काचेच्या, म्हणजे सिलिकाच्या, बारीक कण्या असतात. त्यांना स्पिक्यूल म्हणतात. (आंघोळीच्या स्पंजात त्या नसतात, म्हणून तर अंगाला घासता येतो.) हे मी सूक्ष्मदर्शकाआधी बोटांनी शिकलो. परवानगी काढून आणलेला भाचीचा नमुना हातमोजे न घालता प्रेमानं दाबून पाहिला आणि न दिसणारी शेकडो कुसळं आत गेली. त्या रात्री सुरमई चमच्यानं खाल्ली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी आपल्या मुलाला हळूच दुसरीकडे बघायला सांगितलं.

प्रयोगशाळेतलं काम वरकरणी सोपं. तुरीच्या डाळीएवढा तुकडा परीक्षानळीत घ्यायचा, ब्लीच ओतायचं. मांस विरघळतं, तळाशी पांढरी भुकटी उरते. वरचं पाणी हलकेच काढायचं, पुन्हा पुन्हा धुवायचं, मग अल्कोहोल, मग स्लाइड. पहिल्या खेपेला मी पाण्याबरोबर भुकटीही बेसिनमध्ये घालवली. एका अनोळखी जातीचा सांगाडा त्या पाइपात आहे. दुसऱ्या खेपेला भुकटी वाचली, पण बायकोनं घेतलेल्या निळ्या शर्टावर लक्षद्वीपसारखी पांढरी बेटं उमटली.

तिसऱ्या स्लाइडनं मात्र घात केला. भिंगाखाली एका टोकाला गोल डोकं असलेल्या कण्या होत्या, त्या टायलोस्टाइल. शेजारी नांगराच्या आकाराचे चीला. त्यांच्यातच चक्क चांदण्या, म्हणजे अॅस्टर! मी ‘सिस्टेमा पोरिफेरा’ उघडलं. स्पंजांच्या वर्गीकरणाचा, २००२ साली निघालेला हा ग्रंथ दोन खंडांचा, १,७००हून जास्त पानांचा. त्यात हे त्रिकूट एका घरात नांदताना मला कुठेच सापडेना. जातच काय, अख्खं नवं कुळ! बायकोला फोन केला. तिनं शर्टाबद्दल विचारलं.

भाचीनं डोळा भिंगाला लावला, बराच वेळ काही बोलली नाही. मी भाषणाची जुळवाजुळव करत होतो.

“मामा, ड्रॉपर किती वापरलेस?”

“एकच. उगाच कशाला खरकटे करायचे?”

एका ड्रॉपरनं तीन नमुन्यांचा संसार एका काचेवर आणला होता. तिनं स्लाइड फेकली नाही. ‘असं करू नये’ अशी चिठ्ठी लावून नव्या विद्यार्थ्यांसाठी ठेवली. चिठ्ठीवर माझं नावही घातलं का, हे विचारायचा धीर झाला नाही.

तरी आशा सुटलेली नाही. १८४०च्या दशकात मुंबईत हेन्री जॉन कार्टर नावाचा कंपनी सरकारचा सर्जन होता. नोकरी सांभाळून तो शहरातल्या तलावांतले गोड्या पाण्याचे स्पंज तपासायचा. पुढे १८६३ साली ब्रिटिश स्पंजतज्ज्ञ बावरबँकनं त्यातल्या एका जातीला त्याचं नाव दिलं. आज ती ‘युनापियस कार्टेरी’. गोडं पाणी, लाइफ जॅकेट नको! परवा घराजवळच्या तलावाच्या पायरीवर मी वाकून दगड उलटे करत होतो, तेव्हा वॉचमन आला.

“काका, काय हरवलंय?”

“स्पंज शोधतोय.”

“समोरच्या दुकानात वीस रुपयाला मिळतो की.”