बिनपगारी फुल अधिकारी

अमेरिकेतल्या एखाद्या प्राध्यापकाला डोंगरातल्या तळ्याची पातळी वर्षभर मोजायची आहे असं धरू. काठावर पेटी ठेवायची, आत सेन्सर आणि बॅटरी, वर वीतभर अँटेना. मोबाइलला रेंज नाही. कुणीतरी सुचवतं, हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांची बिनतारी सेवा, आहे की! परीक्षा सोपी, यंत्र स्वस्त, लहरींना भाडं नाही. प्राध्यापक खूश होतात आणि फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनच्या नियमांचा भाग 97 उघडतात.

वाचता वाचता हुरूप वाढतो. लांबून घेतलेली मोजमापं एकतर्फी पाठवली तर? चालतं. नुसते आकडे पाठवले तर गुप्त भाषेचा आळ येईल? नाही येणार. शेजारी कुणी बसलेलं नसताना यंत्रानं आपणहून डेटा पाठवला तर? 50 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यापासून वर तेही चालतं. पेटीनं बोलणं संपवताना, आणि लांबलं तर दर 10 मिनिटांनी, आपलं कॉलसाइन सांगावं म्हणजे झालं.

मग येतं कलम 113. इथे पेटी बाजूला राहते आणि प्राध्यापकांची झडती सुरू होते. पगार कोण देतं? विद्यापीठ? म्हणजे हे मालकाच्या वतीनं केलेलं बोलणं, बंद. शिवाय जे काम दुसऱ्या रेडिओ सेवेतून होण्यासारखं आहे, ते इथे नेमानं करायचं नाही. निष्काम कर्मयोग वॉशिंग्टनच्या बाबूंनी असा कलमात बसवला आहे. फळाची आशा दिसली की लायसन्स धोक्यात.

तीच पेटी शेजारच्या निवृत्त आजोबांनी हौसेखातर ठेवली, तर कुणी हरकत घेणार नाही. आजोबांना 1500 वॉटपर्यंत ताकद वापरून दुसऱ्या राज्यातल्या आजोबांना गुडघेदुखीचा वृत्तांत देता येतो. जुना सेट विकायचा असेल तर तसंही सांगता येतं, फक्त रोजचा धंदा करायचा नाही. प्राध्यापकांच्या पाव वॉटच्या पेटीनं मात्र पाणी किती चढलं हे सांगितलं की नियमभंग!

खरं तर नियम वेडा नाही. फुकटच्या लहरी धंद्याला मोकळ्या केल्या, तर उद्या पार्सलवाले तिथे ठाण मांडतील आणि हौशी माणसाला कोपराही उरणार नाही. संशोधकांसाठी भाग 5 मधला प्रायोगिक परवाना आहेच. पण त्यासाठी अर्ज, शुल्क आणि वाट पाहणं आलं, आणि तळं काही थांबत नाही.

पळवाटाही आहेत. वर्गात शिकवताना हॅम केंद्र वापरलं तर मास्तरांचा पगार माफ आहे. तेव्हा तळंच वर्गात आणावं. किंवा आयआयटी मुंबईच्या पोरांसारखं करावं. त्यांच्या ‘प्रथम’ उपग्रहानं 2016 मध्ये आयनोस्फिअरमधले इलेक्ट्रॉन मोजायचे म्हणून हॅमच्याच पट्ट्यातून संदेश धाडले. पोरांना पगार नव्हता, आणि मार्कांना अजून कुणी आर्थिक हितसंबंध म्हटलेलं नाही.

सगळ्यात उदार आहे ते आणीबाणीचं कलम. नेहमीची संपर्कयंत्रणा बंद पडली आणि जिवावर बेतलं, तर हाती असेल तो रेडिओ वापरा, नियम आड येणार नाही. म्हणजे तळं भरत असताना पेटीनं गप्प बसायचं, आणि ते फुटून फोनचे टॉवर वाहून गेले की प्राध्यापकांनी झाडावर चढून अगदी कायदेशीर आकडे पाठवायचे.