टर्कीविना नाताळ

नाताळच्या छोटेखानी जेवणाला यंदा ‘परंपरेबाहेरचं’ काही हवं, अशी टूम निघाली आहे. जपान्यांनी १९७४ पासून जाहिरातीच्या जोरावर तळलेल्या कोंबडीचीच परंपरा करून टाकली. विलायतेची मानाची टर्कीही मूळची अमेरिकेची पाहुणी. मग वऱ्हाडातल्या जऊळका गावानेच का लाजावं? डिसेंबरात तूर शेंगांनी लदलेली असते. तुरीच्या सोल्यांची झणझणीत आमटी, वांग्याची भाजी, गोवऱ्यांच्या आरात भाजून तुपात बुडवलेले रोडगे. बेत बिनतोड! अडचण फक्त ‘छोटेखानी’ या अटीची. वऱ्हाडात रोडगे लावले की सहा जणांची यादी साठावर जाते, आणि राहिलेले एकसष्टावे वर्षभर रुसतात. त्यापेक्षा टर्की परवडली. ती मागायला शेजारी तरी वाटी घेऊन येत नाहीत.