मे महिन्यातला हीटर

नागपूरच्या माणसाला थंडाव्याचं शास्त्र शिकवायला जाऊ नये. होळी झाली की कूलर अडगळीतून बाहेर निघतो, ताट्या बदलतात, पंपाची कुरकुर ऐकून घेतली जाते आणि मग पाऊस पडेपर्यंत रोज संध्याकाळी पाइप धरून टाकी भरणं हे घरातल्या धाकट्याचं काम. पाणी उडतं, हवा गार होते, टाकी रिकामी होते, पुन्हा भरायची. दर उन्हाळ्यात हेच बघितल्यामुळे आपली पक्की समजूत झालेली असते, की गारवा हवा तर पाणी ओतत राहायचं. कूलरपुरती ती बरोबरही आहे. घोटाळा होतो तो मोटारीच्या बॉनेटखाली.

रेडिएटरमधलं पाणी संपायचं नसतंच. ते बंद नळ्यांतून फिरतं, इंजिनाची उष्णता जाळीपर्यंत आणून बाहेरच्या हवेला देतं आणि परत आत जातं. कमी होत असेल तर ते कुठेतरी जातंय: नळीच्या जोडातून जमिनीवर, नाहीतर फाटलेल्या गॅसकेटमधून थेट सिलिंडरमध्ये. पण "रोज सकाळी एक बाटली टाकतो ना मी, गाडी मस्त चालून राहिली," असं अभिमानाने सांगणारे आमच्या लकडगंजात, नागपूरच्या लाकूडबाजारात, गल्लोगल्ली भेटतात. एवढ्या इमानाने ते तुळशीलाही पाणी घालत नसतील.

आमच्या शेजारचे काकाजी त्यातले नव्हेत. त्यांचा जन्म आरामशीनवर गेला, त्यामुळे यंत्र उघडायची भीती नाही. जुन्या मारुती 800 चं हेड गॅसकेट गेलं तेव्हा त्यांनी ते अंगणातच बदलायचं ठरवलं. ॲल्युमिनिअमचं हेड उतरवलं, तापून वाकलं होतं म्हणून लेथवाल्याकडून फेसिंग करून आणलं, बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या क्रमाने टॉर्क पाना लावून आवळले. खोट काढायला जागा नव्हती. इंजिन पहिल्या चावीला सुरू झालं. आणि टेलिफोन एक्स्चेंज चौकापर्यंत जाईस्तोवर काटा लाल पट्टीला टेकला.

घरी दुरुस्त केलेली गाडी तापली की तिच्यावर साऱ्या मोहल्ल्याचा हक्क तयार होतो. मिस्त्रीकडून आणलेली गाडी तापली असती तर लोक मिस्त्रीला चार शब्द बोलून घरी गेले असते. इथे नवतप्याच्या उन्हात, डोक्याला दुपट्टे गुंडाळून, माणसं थांबली.

"काहून तापून राहिली जी?"

"पंप गेला असन."

"गॅसकेट उलटं बसवलं असन."

एकाने तर काट्यावरच संशय घेतला, आणि त्याला नागपुरात आधार आहे. मे 2024 च्या अखेरीस इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश दाखवले होते. मग हवामान खात्याला सांगावं लागलं की सेन्सरच बिघडलाय. पण रेडिएटरच्या झाकणाखालून वाफ फुसफुसत होती. काटा खरं बोलत होता.

आणि मग तो सल्ला आला, जो इकडे तापलेल्या प्रत्येक गाडीला मिळतो: "थर्मोस्टॅट काढून फेका ना जी. आपल्याकडं त्याचं कामच काय? ते थंडीच्या मुलखासाठी असते."

या बिचाऱ्या भागाची बाजू कोणीतरी घ्यायला हवी. थर्मोस्टॅट म्हणजे मेणावर चालणारी छोटी झडप. पाणी साधारण 82 अंशांवर पोहोचलं की आतलं मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे निघतं. तोवर इंजिनाला गरम होऊ द्यायचं, हे तिचं काम. ती काढली की इंजिन आपल्या तापमानाला येतच नाही. पेट्रोल जास्त खातं, भाग जास्त झिजतात. बाहेर 45 अंश असले तरी इंजिनाला ती थंडीच. शिवाय काकाजींनी थर्मोस्टॅट बसवण्याआधी गॅसवर पाणी उकळून त्यात टाकून बघितला होता. उघडत होता. ते पातेलं आता स्वयंपाकघरात परत घेतलं जात नाही, ही वेगळी गोष्ट.

काकाजींनी सगळ्यांना बोलू दिलं आणि स्वतःला एकच प्रश्न विचारला: आपण शेवटी काय उघडलं होतं? घरच्या दुरुस्तीनंतर हाच प्रश्न आधी विचारायचा असतो, कारण बिघाड बहुधा आपला हात लागला तिथेच असतो. हेडसोबत सगळं पाणी काढलं होतं आणि नवं कूलंट वरून ओतलं होतं. गॅसकेटचं म्हणावं, तर सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता, ऑइलच्या झाकणाखाली पांढरट चिकटा नव्हता. वरची नळी चटका देत होती, खालची कोमट. आणि पंखा सुरूच झाला नव्हता.

म्हणजे आत हवा अडकली होती. रिकाम्या इंजिनात घाईने कूलंट ओतलं की उंच जागी, हेडमध्ये आणि हीटरच्या नळ्यांत, हवा कोंडून बसते. पंप पाणी ढकलतो, हवेपुढे त्याचं चालत नाही. पंख्याचं स्विचही पाण्यात बुडालेलं असेल तरच त्याला ताप कळतो.

उपाय सोपा आहे: इंजिन पूर्ण निवल्यावर गाडीचं नाक वर करायचं, झाकण उघडं ठेवायचं आणि हीटर पूर्ण गरमवर लावून इंजिन चालू सोडायचं, म्हणजे त्या नळ्यांतलीही हवा निघते. लकडगंजात चढ नाही, पण लाकूड आहे. पुढची चाकं सागाच्या फळ्यांवर चढली, मागे ओंडके लागले. ज्या सागाच्या भावावरून इथे सकाळभर घासाघीस होते, त्यावर ती गाडी ऐटीत उभी राहिली.

हीटर लावल्यावर मात्र मंडळी मागे सरली. मे महिन्यात नागपुरात हीटर लावणारा माणूस कोणी पाहिला नव्हता. त्यात एक पंचाईत होती. हीटरमधून गार हवा आली तर आत हवा अडकलेली, गरम आली तर निघालेली, अशी ती परीक्षा. पण बाहेरच लू वाहत असताना गार कशाला म्हणायचं? काकाजी एक हात हीटरच्या जाळीपुढे, एक खिडकीबाहेर धरून बसले. बराच वेळ दोन्हीकडे सारखंच. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत राहिले, पातळी खाली गेली, काकूंनी तांब्याने कूलंट ओतलं. मग आतला हात त्यांनी झटक्यात मागे घेतला. जरा वेळाने पंखाही घरघरला. काटा मध्यावर येऊन थांबला.

थर्मोस्टॅट अजून जागेवर आहे. सल्ला देणाऱ्याचं मत बदललेलं नाही.

तर, या उन्हाळ्यात रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभं राहायची पाळी आली, तर जमलेल्यांचं ऐकून घ्या, पण कोणालाही रेडिएटरच्या झाकणाला हात लावू देऊ नका. त्यावर बहुधा 0.9 (बार) लिहिलेलं असतं. तेवढ्या दाबामुळे आतलं पाणी 118 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, आणि झाकण निघालं की तेच एकदम उकळून अंगावर येतं. इंजिन बंद करा, समोरच्या रसवंतीत बसा, वरची नळी हाताला गार लागली की मगच उठा.