एक खातं, दोन गावं

मँचेस्टर,
आषाढ वद्य पंचमी

ती. स्व. मामा आणि आत्याबाई यांना शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, सगळे ठणठणीत आहोत. फोन असताना पत्र कशाला, असं आत्याबाई म्हणतीलच. पण ज्या फोनला दुखणं त्याच फोनवर औषध सांगायला गेलं की काय होतं, ते आपण रविवारी बघितलं. 'सेटिंग उघडा' म्हटलं की तुम्ही सेटिंग उघडता, आम्ही पडद्यावरून गायब होतो, मामांना वाटतं फोन कटला, ते परत लावतात, की सेटिंग बंद. त्या एका कॉलमध्ये आम्हाला मामांचा कान, छताचा पंखा आणि म्हशीचं शेपूट एवढं दर्शन घडलं. सेटिंग काही दिसलं नाही. म्हणून मोठ्या अक्षरात कागदावर लिहितेय. ह्यांचे एक मित्र सोलापूरला निघालेत, ते हायवेनं पुढे अणदूरला आणून देतील. दिनदर्शिकेच्या खिळ्याला अडकवा आणि फोन हातात धरून वाचा.

तक्रार मामांच्याच शब्दांत सांगायची तर, "का झालं की, गाणं मधीच गप होतंय." यावर गावानं आपापली मतं दिलीच आहेत. मोबाईलच्या दुकानातला पोरगा रेंज म्हणाला, पारावर टॉवरचं नाव निघालं, भाऊजींना फोनचं कव्हर जाड वाटलं, आणि आत्याबाईंनी फोन एक रात्र देव्हाऱ्यात ठेवला. तुमच्या इंजिनेरानं इथून सांगितलं, "बंद करून परत चालू करा." एवढं शिकून, एवढ्या लांब येऊन माणूस शेवटी हेच सांगतो. त्यांच्या ऑफिसातही हेच सांगतात म्हणे, फक्त इंग्रजीत.

खरं निदान झालं ते आत्याबाईंच्या दुधाच्या वहीवरून. गाणं थांबलं की वेळ काय होती आणि पडद्यावर काय दिसत होतं, एवढंच टिपा म्हणून मी सांगितलं होतं. त्यांनी लिटर आणि फॅटच्या शेजारी नवा रकाना आखला. 'पहाटे, गोठ्यात, पडदा काळा.' 'दुपारी, अडखळत अडखळत.' 'संध्याकाळी, इंग्रजीत काहीतरी लिहून आलं.' वहीची पानं फोटो काढून पाठवली तेव्हा ह्यांनी ती बघितली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. ऑफिसातली माणसं एवढं लिहून देत नाहीत म्हणे. एक रोग नव्हताच तो. चार होते, आणि चौघांनाही आपण रेंज म्हणत होतो.

गोठ्यातला आधी घेते. तुमच्या फोनची समजूत अशी, की पडदा काळा झाला म्हणजे मालक झोपला. मग बॅटरी वाचवायला तो मागे चालणारी अॅपं एकेक करून गप करतो. तुम्ही फोन बंडीच्या खिशात टाकून धारा काढायला बसता आणि पहिली चरवी भरेपर्यंत गाणं संपलेलं असतं. त्यावर उपाय: सेटिंग, मग अॅप्स, मग आपलं गाण्याचं अॅप, मग बॅटरी. तिथे 'अनरिस्ट्रिक्टेड' किंवा तशा अर्थाचं काहीतरी दिसेल, ते निवडा. कंपनीगणिक शब्द वेगळा असतो, आणि काही कंपन्या तो असा दडवून ठेवतात की सोनं ठेवलं असतं तर चोराला सापडलं नसतं. सापडला नाही तर भाऊजींच्या थोरल्याला बोलवा, पण काम झालं की फोन त्याच्या हातातून काढून घ्या. कारण पुढचा रोग त्याच्याकडूनच आलाय.

दुपारचं अडखळणं. तुमच्या लेकानं प्रेमापोटी आवाजाचा दर्जा सगळ्यात वरचा लावून दिला होता, सेकंदाला ३२० किलोबिट. त्यानं तासाभराच्या कीर्तनाला १४४ एमबी लागतात. तेच ९६ वर आणलं की ४३ एमबीत भागतं. जागरणाची ती जुनी गाणी कुणीतरी कॅसेटवरून भरलेली आहेत. त्यांत गाण्याइतकीच खरखर आहे, आणि ३२० लावल्यानं ती खरखरच तेवढी नीट ऐकू येते. मी इथूनच सांगून ते ९६ करून घेतलं. तरी दुपारी अडखळणं चालूच. आता हिशेब बघा. रोज दीड जीबी मिळतो, त्यात ३२० नंसुद्धा दहा तास कीर्तन बसतं. मग दुपारच्या चहाच्या आतच तो संपतो कसा? तर भाऊजींच्या पोरांना हॉटस्पॉट लागतो, आणि ती कीर्तन बघत नाहीत. रोजचा कोटा संपला की बहुतेक प्लॅनांत वेग ६४ किलोबिटवर येतो. गाण्याला सेकंदाला ९६ लागतात, येतात ६४. अडखळणार नाही तर काय करेल बिचारं? पोरांना रागावू नका, हॉटस्पॉटचा पासवर्ड बदला. नवा पासवर्ड म्हशीचं नाव ठेवू नका, ते त्यांना ठाऊक आहे.

तिसरा रोग करड्या गाण्यांचा. शेजारच्यांच्या फोनवर जी आराधी गाणी खणखणीत वाजतात ती तुमच्या फोनवर करडी दिसतात आणि दाबली तरी हूं की चूं करत नाहीत. गाण्यांचे हक्क देशादेशाप्रमाणे वेगवेगळे विकलेले असतात. आणि हे खातं उघडलंय इथे, इथल्या बँकेच्या कार्डावर. त्यामुळे अॅपच्या लेखी मामा मँचेस्टरचे रहिवासी आहेत. ज्या कंपनीनं तुळजापूरच्या आराध्यांची गाणी फक्त भारतापुरती दिलीत, तिला मँचेस्टरच्या एका म्हाताऱ्याला ती ऐकवायचा अधिकार नाही. तो म्हातारा अणदूरच्या ओट्यावर बसलाय, हे तिला कोण सांगणार!

आता चौथा, मुख्य रोग, ज्याच्यासाठी हे पत्र. संध्याकाळी इंग्रजीत जे लिहून येत होतं त्याचा अर्थ असा, की हे खातं आता दुसऱ्या फोनवर वाजतंय. असल्या अॅपांत एका माणसाच्या खात्यावर एका वेळी एकाच ठिकाणी गाणं वाजतं. ह्यांनी तुम्हाला दिलेलं खातं तुमच्या नातवाचंच आहे. इकडे त्यानं दाबलं की तिकडे तुम्ही गप. तिकडे तुम्ही दाबलं की इकडे तो गप, आणि तो तर टॉवरलाही शिव्या देऊ शकत नाही, इथे टॉवर खिडकीतून दिसतो.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पण अॅपमध्ये खाली एक बारकं चिन्ह असतं. ते दाबलं की खात्याला जोडलेले सगळे फोन-स्पीकर दिसतात आणि कुठे वाजवायचं ते निवडता येतं. मामांनी एका दुपारी ते दाबलं. तुमच्या साडेबाराला इथे सकाळचे आठ. नातू अंघोळीला, त्याचा फोन बाथरूममधल्या स्पीकरला जोडलेला. साबण डोळ्यांत, आणि अचानक संबळ! तो तसाच बाहेर धावला. मी स्वयंपाकघरात होते, क्षणभर मला वाटलं नवरात्र लागलं. तिकडे मामा ओट्यावर फोन हलवत बसलेले, की आवाज का येईना.

त्याची परतफेड जूनमध्ये झाली. शाळा सुटली, सव्वातीन वाजले, म्हणजे तुमच्याकडे पावणेआठ. मामांचा फोन भजनी मंडळाच्या स्पीकरला लावलेला, चाल ऐकवून मंडळी टाळ सरसावून बसलेली. नातवानं बसमध्ये घाईत नको त्या नावावर बोट ठेवलं आणि अणदूरच्या पारावर ड्रिल सुरू झालं. ड्रिल म्हणजे शिकागोहून निघून दक्षिण लंडनमध्ये वाढलेला रॅपचा प्रकार. त्यात गाणारा रागात असतो आणि कशावर ते आईबापांना कळू देत नाही. भाऊजींनी सांगितलं की मंडळी पहिल्यांदा गप्प बसली, मग पखवाजवाल्या आप्पांनी ठेका धरायचा प्रयत्न केला आणि "सम कुठं हाय याची?" म्हणून विचारलं. मी नातवाला विचारलं. त्यालाही माहीत नाही.

दोघांची आवड एकत्र कालवल्याचा आणखी एक परिणाम म्हणजे अॅपचा स्वतःचाच गोंधळ उडालाय. खंडोबाचं गाणं संपलं की मामांना ते आपणहून ड्रिल सुचवतं. आणि मागच्या डिसेंबरात वर्षभराचा हिशेब आला, तो पोरानं वर्गात सगळ्यांबरोबर उघडला. त्याच्या आवडत्या कलाकारांत पहिल्या नंबरवर प्रल्हाद शिंदे. मित्रांनी विचारलं, हा कोण? त्यानं सांगितलं, खूप जुना रॅपर आहे.

तर मामा, मी सरळ सुचवलं की तुमचं वेगळं खातं काढू. भारतात, भारताच्या नंबरवर, भारताच्या दरात. करडी गाणी उजळतील, कुणी मध्ये येणार नाही. त्यावर तुम्ही जे गप्प झालात! नंतर आत्याबाईंना म्हणालात म्हणे, "शेताची नाही केली, घराची नाही केली, आता गाण्याची वाटणी करा म्हणं सूनबाई." आणि दुसऱ्या दिवशी मला खंडोबा ऐकवलात. आपला देव एक, देवळं दोन. वर्षातले बहुतेक महिने मूर्ती अणदूरला, आणि पौष पौर्णिमेची यात्रा येते त्या सुमारास नळदुर्गाजवळ मैलारपूरला. नेताना-आणताना दोन्ही गावचे मानकरी समोरासमोर बसून लेखी करार करतात. देव वाटून घेतला नाही, पाळी वाटून घेतली. मग एका खात्याला दोन गावं का जड झाली, हा तुमचा सवाल.

यावर मला दोन दिवस उत्तर सुचलं नाही. मग सुचलं: देव निघाला की पालखी निघते, वाजंत्री वाजते, दोन्ही गावांना ठाऊक असतं. इथे देव कुणी उचलून नेला तेच कळत नाही, कळतो फक्त रिकामा गाभारा. त्यावर तुमचं उत्तर तयार. "मग करार करा." हरले, मामा.

करार सोबत जोडलाय. सगळ्या वेळा भारतीय घड्याळानं लिहिल्यात, कारण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात आणि साडेचार तासांचं अंतर साडेपाच होतं. इथल्या घड्याळावर करार केला तर दिवाळीच्या सुमारास तो मोडलाच. पहाटे पाच ते आठ खातं अणदूरकडे. तेव्हा इथे रात्रीचे साडेबारा ते साडेतीन असतात, पोरानं झोपायचीच वेळ ती; हे कलम मी घुसडलंय आणि त्याच्या अजून लक्षात आलेलं नाही. साडेअकरा ते दोन मँचेस्टरकडे, तुम्ही तेव्हा जेवून आडवे होता. संध्याकाळी सात ते नऊ भजनाचं, तेही तुमचं. इथे मात्र तो अडून बसला, बसमध्ये त्याला गाणी पाहिजेतच. तोडगा त्यानंच काढला: फोनवर आधी उतरवून घेतलेली गाणी इंटरनेट बंद ठेवून लावली की खात्याला पत्ता लागत नाही, दोघंही एकाच वेळी ऐकू शकतात. पोरगं आजोबांवर गेलंय.

हीच युक्ती कोजागरीला तुळजापूरला चालत जाताना तुम्हीही करा. त्या रात्री रस्त्यावर इतकी माणसं असतात की टॉवर नुसताच उभा असतो. घरून निघायच्या आधी गाणी उतरवून घ्या. फक्त आपल्या अॅपचा नियम असा की उतरवलेल्या गाण्यांसाठी तीस दिवसांत एकदा तरी इंटरनेट लावावं लागतं, नाहीतर ती मुकी होतात.

करारावर सही करून त्याच मित्राबरोबर परत पाठवा. सोबत शेंगाचटणी चालेल. कुंथलगिरीचा पेढा मात्र देऊ नका. दुधाचं इथल्या विमानतळावर आत येऊ देत नाहीत आणि मागच्या खेपेला ह्यांचा चेहरा बघवला नव्हता.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपली,
सूनबाई

(वेगळी चिठ्ठी. आत्याबाई, ही तुमच्या नव्या स्वेटरच्या खिशात घातलीय, मामांना दाखवू नका.)

आत्याबाई,
तुमच्या वहीशिवाय काही उलगडलं नसतं, आणि अख्ख्या करारात तुम्हाला एक मिनिटही आलेलं नाही, हे मी पाहिलं. धाकट्या वन्संकडून तुमच्या नंबरवर तुमच्या एकटीच्या नावाचं खातं काढून घेतलंय, तिथलंच, भारतातलं. तुम्ही मागे गुणगुणत होता त्या लावण्या त्यात वरती लावून दिल्यात. इयरफोन स्वेटरच्या दुसऱ्या खिशात आहे. तुमच्या फोनवर करडं एकही गाणं दिसणार नाही. मामांची आराधी गाणीसुद्धा वाजतील. ती एखाद्या दिवशी ओट्यावर मोठ्यानं लावा आणि ते विचारायला आले की आधी म्हशीला पाणी पाजून यायला सांगा.