वेताळाच्या बहिणीचं हक्कसोडपत्र

"भाऊजी, काल रात्री तुमच्याकडे कसली धडामधुडूम चालली होती?"

"अंतराळयान हो, वहिनी. नातवाने स्टार ट्रेक लावलं होतं. मग मीही बसलो."

वहिनी कुंपणाच्या तारेवर फडकी वाळत घालत होत्या. त्यांना विचारायचं होतं ते वेगळंच. माहेराहून, माहीमहून, भावाचा फोन आला होता, वाडीच्या कागदावर सही करून जा म्हणून. आमच्या शिरगावात हल्ली कुठलीही गोष्ट फिरून जमिनीवरच येते. वाढवणला बंदर येणार, बोईसरला बुलेट ट्रेन थांबणार, आणि ज्या वाडीकडे वर्षानुवर्षं कोणी बघितलं नाही तिच्या सातबाऱ्यावरची नावं आता सगळ्यांना तोंडपाठ.

मी आपलं स्टार ट्रेकमधल्या कॅप्टन पिकार्डचं सांगितलं. चोविसावं शतक. पैसा ही चीजच उरलेली नाही. तरी घराण्याची फ्रान्समधली द्राक्षांची वाडी थोरल्या भावाच्या ताब्यात! १९९०च्या एका भागात धाकटा, म्हणजे यानाचा कॅप्टन, घरी येतो आणि दोघे भाऊ त्या वाडीतच चिखलात लोळून मारामारी करतात.

"बहीण नव्हती?"

"नव्हती."

"म्हणून मारामारीवरच मिटलं," वहिनी म्हणाल्या.

मग मी वेताळ काढला. इंद्रजाल कॉमिक्सचे माझे बांधलेले गठ्ठे अजून माळ्यावर आहेत. ली फॉकने १९३६ साली जन्माला घातलेलं हे चालतं-बोलतं प्रेत. कवटीची गुहा, मुखवटा, अंगठ्या, सगळं बापाकडून मुलाकडे; असे एकवीस वेताळ झाले. दुष्टांशी दोन हात करणारं घराणं, पण वारसाहक्कात अगदी आपल्या आजोबांच्या वळणाचं. सतराव्या वेताळाला जुळी बहीण होती, ज्यूली. भाऊ आजारी पडला तेव्हा हिने तोच पोशाख चढवून जंगल सांभाळलं. भाऊ बरा झाला, पोशाख परत. घराण्याची गादी भावाकडेच राहिली.

"काय दिलं तिला? साडी?"

"जंगलात साडी कुठली!"

"मग तेवढीही नाही." वहिनींनी चिमटा असा लावला की तार हलली. "माझा भाऊ म्हणतो, तुझं लग्न चौऱ्याण्णवच्या आधीचं, तुला हक्कच नाही. सही नुसती कागदापुरती."

हे मात्र मी तिथेच थांबवलं. भाऊ सांगतो ती अट महाराष्ट्राच्या १९९४च्या दुरुस्तीतली आहे. त्यानंतर ९ सप्टेंबर २००५ला केंद्राने हिंदू वारसा कायदा बदलला, त्यात लग्न कधी झालं याला काही अर्थ राहिला नाही. मुलगी जन्मानेच सहहिस्सेदार, मुलासारखी. त्या दिवशी वडील हयात हवे होते का, यावर बरीच वर्षं कोर्टात ओढाताण चालली; ११ ऑगस्ट २०२०ला विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नको म्हणून सांगितलं. फक्त २० डिसेंबर २००४च्या आधी रीतसर वाटणी झालेली असेल तर ती मोडत नाही. (वाडीपलीकडच्या पाड्यांवर हा कायदा लागू नाही, अनुसूचित जमाती त्यातून वगळलेल्या आहेत. ते दुखणं वेगळंच.) आणि हक्क नसेलच, तर भावाला सही कशाला हवी?

वहिनी हातातलं फडकं पिळायचं विसरल्या.

"सही म्हणजे काय ते सांगू? सुपरमॅन ज्या दोन पोरांनी काढला, सिगल आणि शुस्टर, त्यांनी १९३८मध्ये १३० डॉलरला सगळा हक्क लिहून दिला. मग आयुष्यभर खटले, आणि त्यांच्या मागे वारसांचेही. सुपरमॅनला विमान अडवता येतं, खरेदीखत नाही अडवता येत. हक्कसोडपत्र एकदा निबंधकाकडे नोंदलं की तसंच. तोंडाने सोडला म्हटल्याने हक्क सुटत नाही, पण नोंदलेल्या कागदावरची सही सहज फिरत नाही. आधी फेरफार काढून बघा, वाटणी झाली होती का ते."

"म्हणजे तुमचा वेताळ अजून तसाच? पोरीला काही नाही?"

"एकविसाव्याला जुळी आहेत ना. किट आणि हेलोईज."

"मुलगा-मुलगी?"

"हो."

"मग तिला सांगा, कशावर सही करू नको. आणि त्या गुहेत आहे तरी काय एवढं?"

"खजिना. अलेक्झांडरचा हिऱ्याचा पेला वगैरे."

"तो घे म्हणावं आधी," वहिनी म्हणाल्या, "वाडीचं मग बघू."