पूर आला, वीस झाले

विंटरथुर,
रविवार रात्र

ती. स्व. नानाकाकांस साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. ‘तिकडे चार डोकी जमवून तीनशे चार तरी खेळता, की नुसतं चीज खात बसता?’ असं तुम्ही विचारलंय. उत्तर जरा लांबेल म्हणून लिहूनच कळवतो. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही.

तर, खेळतो. तीनशे चार नव्हे, पण त्याचाच पत्त्यांतला चुलतभाऊ. नाव ‘यास’. खाली तळमजल्यावर एक आजी-आजोबा राहतात. आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले, म्हणजे वेळेच्या बाबतीत विचारूच नका. त्यांचे नेहमीचे दोन भिडू मुलाकडे राहायला गेले आणि दर शुक्रवारी आमची वर्णी लागली. टेबलावर छोटासा हिरवा गालिचा अंथरतात, शेजारी पाटी आणि खडू. छत्तीस पानं, प्रत्येकाला नऊ. एकेक पान वाटलेलं चालत नाही, तीन-तीनच टाकायची, आणि वाटप उजवीकडून.

पानं हातात आल्यावर तुमची सून मंजिरी माझ्या कानाला लागली, “ह्यात बदाम कुठाय हो?” बदाम नाही, इस्पिक नाही. घुंगरं, ढाली, गुलाब आणि ओकची बोंडं. बर्न-बाझेलकडे आपल्यासारखीच पानं खेळतात, पण झुरिकच्या बाजूला ही अशी. दश्शीवर झेंडा असतो. आणि राणी नाहीच! राजाच्या खाली एक वरचा बाप्या आणि एक खालचा बाप्या. ज्या देशात बायकांना देशाच्या निवडणुकीत मत द्यायला १९७१ उजाडलं, तिथे पत्त्यांत तरी कुठून येणार राणी, असं मंजिरीचं म्हणणं. आजींना तिने ते भाषांतर करून ऐकवलंसुद्धा. आजी इतक्या हसल्या की त्यांची पानं आम्हाला दिसली.

आता तुमच्या कामाची गोष्ट. हुकमाचा गुलाम, म्हणजे तोच खालचा बाप्या, सगळ्यात मोठा, गुण २०. त्याच्या खालोखाल हुकमाची नव्वी, गुण १४. मग एक्का, ११. कान टवकारले ना? तुमच्या ओटीवर गुलाम ३०, नव्वी २०, एक्का ११. आजोबा बिचारे हळूहळू समजावत होते की एक्क्यापेक्षा नव्वी मोठी, हे नवख्याला पचायला जड जातं. मंजिरीने पहिल्याच हाताला त्यांचा एक्का नव्वीने उचलला. फरक एवढाच, की तुमचा गुलाम चारही रंगांत मिशीला पीळ देऊन असतो. इथे हुकूम झाला तरच त्याला भाव, नाहीतर दोन गुणांचा धनी.

ह्या हुकमाच्या गुलामाला हे लोक म्हणतात ‘पूर’. म्हणजे शेतकरी. राजावर शेतकरी! शिवाय त्याला एक खास सवलत आहे. हुकमाची उतारी झाली आणि तुमच्या हातात हुकमाचं फक्त तेवढंच पान असेल, तर ते टाकायची सक्ती नाही. दुसरं काहीही टाका. राजा, एक्का सगळे मुकाट्याने बाहेर पडतात, शेतकरी घरी बसू शकतो. पण नाव ठेवताना ह्यांनी चिपळूणकरांचा विचार केलेला नाही. गेल्या शुक्रवारी आजींनी पान आपटून “पूर!” असा आवाज दिला, आणि मंजिरीने जमिनीवरची पर्स उचलून टेबलावर ठेवली. २०२१ साली चिपळूणच्या बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी पाहिलेली बाई ती, हात आपसूक गेला.

पुढे ऐका. एकाच रंगाची लागोपाठ तीन पानं हातात आली, तर त्याला म्हणतात ‘वीस’, आणि त्याचे गुण मिळतात वीस. मी म्हटलं, वा, हा तर मराठी खेळ! पण चार पानं लागोपाठ आली तर त्यालाही वीसच म्हणतात आणि गुण पन्नास. “वीस आहे का?” “आहे.” “किती?” “पन्नास.” हा संवाद दर शुक्रवारी होतो, आणि आमचा ओंकार खालच्या गालिच्यावर लोळत हसतो. चार गुलाम एका हाती आले तर दोनशेचं वीस. शिवाय वरची सगळी पानं पडून गेली आणि तुमचं पान त्या रंगात आता सर्वात मोठं उरलं, की ते झालं ‘बॉक’, म्हणजे बोकड. आजोबा एकदा सलग तीन बोकड कापल्यासारखे टाकत सुटले.

हुकूम बोलायचा नसेल तर भिडूवर ढकलता येतो. तोंडाने नुसतं “ढकललं” म्हणायचं. ह्या प्रकाराचं नावच त्यावरून पडलंय: ‘शीबर’, ढकल्या. आमच्या घरात हा शब्द आता भांडी घासण्यापासून शाळेच्या सभेपर्यंत सगळीकडे चालतो.

एक नियम मात्र तुम्ही बसून वाचा. हातात रंग असतानाही हुकूम मारता येतो. राजरोस! तुमच्या ओटीवर असं केल्याबद्दल जोशीमास्तरांशी तुम्ही वर्षभर बोलत नव्हता. इथे ती चाल समजतात.

सगळे हात एका बाजूने केले तर तो ‘माच’, त्याचे शंभर वर. एरवी एका डावाचे १५७ गुण. आजी कधी दोन्हीकडची बेरीज करत नाहीत. एका बाजूची मोजतात, १५७ मधून वजा करतात आणि पाटीवर झेडच्या आकारात रेघा ओढतात. वरच्या रेघेवर शंभर, तिरप्या रेघेवर पन्नास, खालच्या रेघेवर वीस. दोन्ही जोड्या एकाच डावात शेवटाला पोचल्या तर आधी काय मोजायचं, याचाही क्रम बांधून दिलेला आहे. स्विस माणूस हरतोसुद्धा रांगेत. उन्हाळ्यात गुरुवारी टीव्हीवर याचा कार्यक्रम असतो. दोन गावं एकमेकांविरुद्ध खेळतात आणि जिंकणाऱ्या गावात पुढचा कार्यक्रम होतो. खेड आणि चिपळूण असे खेळले तर पोलीस बंदोबस्त लागेल.

तुम्ही विचारणारच, कोण कुणाकडून शिकलं. ‘यास’ आणि नव्वीचं ‘नेल’, ही दोन्ही नावं मूळची डच. इथे खेळाची पहिली नोंद १७९६ सालची, आमच्या जवळच्याच शाफहाउझेन भागातली: दोन शेतकऱ्यांनी घोटभर वाइनच्या पैजेवर यास खेळल्याची तक्रार! त्याच साली सिलोन डचांच्या हातून इंग्रजांकडे गेलं. वेंगुर्ल्यालाही डचांची वखार होती. ह्या तीन गोष्टी एकत्र बांधून तुम्ही ओटीवर काय सांगाल, ते मला आत्ताच ऐकू येतंय. पुरावा मागू नका, माझ्याकडे नाही.

मे महिन्यात येताय, तेव्हा आजोबांनी तुम्हाला भिडू म्हणून मागून घेतलंय. एकच अट आहे. डाव चालू असताना तोंडातून अवाक्षर नाही. नको असलेल्या रंगाचं पान टाकून भिडूला खूण करता येते, तेवढी चालते. पण गुलाम हाती आल्यावर तुम्हाला जो खोकला येतो, तो तिकडेच बरा करून या. आजी पूर्वी दवाखान्यात नर्स होत्या, लगेच काढा पाजतील.

काकूंना नमस्कार. कुळथाचं पीठ दोन किलो आणा. आजींनाही पिठलं लागलंय.

तुमचा,
श्रीपाद