दर काय लागला?

भूमकर चौकात तुम्ही अडकलात, हे घरी कळायला चार फोन लागतात. जाहिरातदाराला कळायला सेकंदाचा दहावा हिस्सा पुरतो.

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कात रोज लाखांच्या हिशेबात माणसं येतात आणि वाट मिळाली तर परत जातात. यातला कोण कुठून येतो, कुठल्या वळणावर खोळंबतो, हे विचारायला गेलात तर एमआयडीसी पीएमआरडीएकडे बोट दाखवते, पीएमआरडीए महापालिकेकडे आणि महापालिका म्हणते, हद्द ग्रामपंचायतीची. २०२५ च्या जूनमध्ये आयटी पार्काचं तळं झालं, तेव्हा पाणी नेमकं कुणाच्या हद्दीतलं यावरही बराच काथ्याकूट झाला. हिंजवडीची माहिती कुणाकडेच नाही, असा त्यामुळे आपला समज होतो. तो साफ चुकीचा आहे. माहिती आहे, रग्गड आहे, मिनिटामिनिटाची आहे. फक्त ज्याला रस्ता करायचाय त्याच्याकडे ती नाही. ज्याला काही विकायचंय त्याच्याकडे आहे.

परवा वाकडहून येताना बस ठाण मांडून बसली. वेळ घालवायला फोनवर बातम्या उघडल्या. वर कालच्या कोंडीची बातमी, खाली जाहिरात: 'आयटी पार्कपासून फक्त १० मिनिटांवर! २ व ३ बीएचके.' मी पाऊण तास एकाच खांबासमोर उभा आहे हे ज्या यंत्रणेला ठाऊक आहे, तीच मला दहा मिनिटांचं घर दाखवत होती. माहिती खरी, जाहिरात खोटी आणि दोघींचा संसार सुखाचा.

आमचा भाचा हिंजवडीच्या फेज टूमध्ये याच जाहिरातींच्या धंद्यात आहे. घरात सांगताना 'सॉफ्टवेअर' एवढंच सांगतो. रविवारी त्याला धरून बसवलं. त्यानं लॅपटॉपवर तीच बातमी उघडली, एफ-१२ दाबलं आणि 'नेटवर्क' नावाच्या खिडकीत मुंग्यांची रांग लागावी तशा ओळी सरकायला लागल्या.

"मामा, बातमी केव्हाच आली. हे मागून येणारे सगळे बातमी वाचायला आलेले नाहीत, तुम्हाला वाचायला आलेत."

"ही ओळ कसली?"

"मोजणीची. कुणी पान उघडलं, किती खाली गेलं."

"आणि तिच्याखालची?"

"तीही मोजणीचीच. पहिल्याच्या मोजणीवर दुसऱ्याचा विश्वास नसतो."

"आणि हे 'सिंक' काय?"

"हे दोघं आपसात जुळवून घेतायत. माझ्याकडे ज्याचा नंबर अमुक आहे, तोच तुझ्याकडचा तमुक ना?"

"म्हणजे माझं नाव यांना माहीत आहे!"

"छे हो मामा, नाव कुणाला हवंय? नाव सोडून बाकीचं हवं असतं."

तर या ओळींमागे चालतो तो तुमचा लिलाव. पान उघडताक्षणी तुमचा फोन कुठला, गाव कुठलं, वाचताय काय, पूर्वी काय चाळलंत याची चिठ्ठी कित्येक बोलीवाल्यांकडे जाते. ते बोली लावतात, जास्त बोलीवाल्याची जाहिरात झळकते. हे सगळं पापणी लवायच्या आत. आयरिश कौन्सिल फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेनं २०२२ मध्ये हिशेब मांडला, त्यानुसार अमेरिका आणि युरोपात मिळून अशा चिठ्ठ्या वर्षाला १७८ लाख कोटी वेळा वाटल्या जातात. एकेका अमेरिकन माणसाची चिठ्ठी दिवसाला सरासरी ७४७ वेळा. आणि यात पुणेकरांना परकं वाटावं असं काही नाही. असे लिलाव चालवणाऱ्या पबमॅटिक या कंपनीचा जन्म २००६ चा, तिच्या अभियंत्यांचा मोठा ताफा पुण्यातलाच आणि डिसेंबर २०२० पासून तिचे शेअर अमेरिकेत नॅस्डॅकवर. सगळं राजरोस. जगाला विकायची यंत्रं आपणच बांधतो, संध्याकाळी बसमध्ये बसून त्यातच जाऊन उभे राहतो.

हिंजवडीपासून चाकण काही फार लांब नाही. तिथल्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा करायची जुनी चाल आहे: दोघांचे हात रुमालाखाली, भाव दोघांनाच ठाऊक, बाकीचे बघे. आपला लिलाव तसाच, फक्त रुमालाला आता 'प्रायव्हसी पॉलिसी' म्हणतात. बैलाचे दात बघतात, खांदा बघतात, चालवून बघतात. आपलेही दात बघतात. स्क्रीन केवढी, भाषा कुठली, घड्याळ कुठल्या देशाचं, कोणकोणते फॉन्ट आहेत, ग्राफिक्स कार्ड रेघ कशी ओढतं. एकेक गोष्ट किरकोळ, पण सगळ्या जुळवल्या की लाखात एक निघता. इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशननं २०१० मध्ये पावणेपाच लाखांच्या आसपास ब्राउझर तपासले, तेव्हा त्यातले ८३.६ टक्के आपल्यासारखे आपणच निघाले. त्यातून तुमच्या संगणकावर श्रीलिपीचे पन्नास मराठी फॉन्ट असतील, तर विचारूच नका. मराठीची एवढ्या बारकाईनं नोंद कुठल्याही सरकारी कचेरीत होत नसेल. कुकी पुसा, इतिहास पुसा, दात तेच.

कुकीची गोष्टही ऐकण्यासारखी. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मोंतुलीनं ती काढली, कारण दुकानाच्या पानाला गिऱ्हाइकाची टोपली लक्षात राहीना. पुढे टोपली राहिली बाजूला, तिऱ्हाइतांनी गिऱ्हाईकच लक्षात ठेवलं. सफारी आणि फायरफॉक्सनं तिऱ्हाइतांच्या कुकीला दार लावलं. गुगलनं जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं की क्रोममधूनही दोन वर्षांत ती जाईल. मग मुदत वाढली, पुन्हा वाढली, पुन्हा एकदा वाढली आणि एप्रिल २०२५ मध्ये ठरलं की आहे तसंच राहू दे. डिसेंबर २०१८ मध्ये भूमिपूजन झालेल्या हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोच्या तारखा ज्यांनी पुढे सरकताना पाहिल्या, त्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. मेट्रोचे निदान खांब तरी दिसले.

"आम्ही इनकॉग्निटोत जातो," असं म्हणणारा एक वर्ग हिंजवडीत मोठा आहे. टोपी आणि चष्म्याचं ते चित्र दिसलं की माणसाला हुरूप येतो. क्रोमच्या या खासगी खिडकीत इतिहास साठत नाही; तुमच्या फोनवर. बाहेर साठायचा तो साठतोच. याच कारणावरून २०२० मध्ये अमेरिकेत गुगलवर दावा लागला, मागणी ५ अब्ज डॉलरची. एप्रिल २०२४ मध्ये तडजोड पुढे आली: गुगलनं अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं, खिडकीवरचा मजकूर सुधारला, त्या तडजोडीतून वापरणाऱ्याच्या हाती दमडी नाही. २०२५ च्या जूनमध्ये संशोधकांनी आणखी एक कळ उघड केली. अँड्रॉइड फोनमधलं फेसबुक आणि इन्स्टाग्राम मागच्या मागे कान लावून बसत आणि ब्राउझरमध्ये उघडलेली पानं तुमच्या खात्याशी जोडून घेत. इनकॉग्निटोतलीसुद्धा. बोभाटा झाल्यावर कान काढून घेतले.

हिंजवडीतला इनकॉग्निटोचा खरा उपयोग मात्र वेगळाच: कंपनीच्या लॅपटॉपवरून दुसरी नोकरी शोधणं. अप्रायझलचं पत्र आलं की काळ्या खिडक्या उघडतात. अनेक कंपन्यांच्या लॅपटॉपवर कंपनीचंच प्रमाणपत्र बसवलेलं असतं. जोडणीला कुलूप असतं, पण वाटेतल्या प्रॉक्सीकडे किल्ली असते. नव्वद दिवसांच्या नोटीस पीरियडची चिंता करत तुम्ही चोरपावलांनी जाता आणि आयटी विभागाच्या नोंदीत चोरपावलांचाच ठसा ठळक उठतो.

राखणदार ठेवावा म्हटलं तर त्याचीही कथा आहे. अव्हास्ट ही अँटिव्हायरसवाली कंपनी. व्हायरसपासून आणि मागावर राहणाऱ्यांपासून वाचवतो, असं सांगून लोकांची ब्राउझिंगची वहीच जंपशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत विकत होती. २०२० मध्ये भांडं फुटलं, २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. स्वदेशी ब्राउझर हवा असेल तर त्यासाठी केंद्र सरकारनं स्पर्धा घेतली. मार्च २०२५ मध्ये झोहोच्या उला ब्राउझरला एक कोटीचं पहिलं बक्षीस मिळालं. माग काढणाऱ्यांना अडवायचा त्याचा बाणा आहे, चांगलंच आहे. मात्र खालचं इंजिन क्रोमियम, म्हणजे मूळ गुगलचं. घर आपलं, जोतं त्यांचं.

कायदा? आहे की. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे अठरा महिने. दंड २५० कोटींपर्यंत, ही चांगली बाजू. सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देता येते, ही दुसरी बाजू. आणि संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषांतही मिळायला हवी, ही आपल्या अभिमानाची बाजू. म्हणजे आजवर न वाचता इंग्रजीत 'ॲक्सेप्ट ऑल' दाबत होतो, यापुढे न वाचता मराठीत 'सर्व मान्य' दाबू.

हे सगळं ऐकून मी भाच्याला एकच विचारलं, "माझ्यावर शेवटी बोली किती लागते?"

"एका वेळेला? रुपयासुद्धा नाही मामा. पैशांतच."

इथे मात्र माझं डोकं फिरलं. विकलं याचं एवढं नाही. पुण्यात राहून माणसाला बाजार कळतो. पण पैशांत? हाईक दोन टक्के कमी पडली म्हणून कंपनी सोडणारी माणसं आम्ही, भाजीवालीशी कोथिंबिरीच्या जुडीवरून हुज्जत घालणारी. आणि घरचा पत्ता, दुखणं, कर्ज, मुलीचं स्थळ, सगळं एका गठ्ठ्यात घालून रुपयाच्या आत?

"तू तुझ्या लॅपटॉपवर काय केलंयस?"

"तिऱ्हाइतांच्या कुकी बंद, ब्लॉकर चालू, नको ती एक्स्टेन्शन काढलेली, ॲपना लोकेशन नाही." हे त्यानं इतक्या सहज सांगितलं की तो पगार कशाचा घेतो हे क्षणभर मीही विसरलो. आईच्या फोनवर का नाही केलं, असं विचारलं तर म्हणाला, "राहिलंच."

तेव्हा ब्लॉकर ज्याचा त्यानं बसवावा. माझी मागणी साधी आहे. चाकणला कांदा विकला की शेतकऱ्याच्या हाती निदान पट्टी पडते: वजन किती, भाव काय, हमाली किती, तोलाई किती, उरलं काय. आम्हालाही रोज रात्री पट्टी मिळावी. नमुना सोबत जोडला आहे, सरकारनं तो नियमांत घालावा:

माल: वापरकर्ता, नग १, मराठी, वाकड–हिंजवडी रस्त्यावरचा, उभा.
दात: पाहिले.
बोली: दिवसभरात अनेक, दर रुपयाच्या आत.
हमाली: मालाने स्वतःच स्वतःला वाहून आणले, सबब नाही.
डेटा पॅक: मालाच्या खर्चाने.
मालाची संमती: आहे. वाचल्याचा पुरावा: नाही.
मालाच्या हाती: निरंक.
शेरा: उद्या पुन्हा आणणे.